लिमबाईंचा हॅम

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही. मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा. सिंगापुरातल्या आमच्या मराठी गोतावळ्यात कुणाकडेही जेवण असो, ताटं वाढायच्या आधी कुणीतरी ओरडतंच — "शिरीषराव, तो विमानातल्या कोंबडीचा किस्सा होऊन जाऊ दे!" मग मी उठतो, कोंबडीचा आवाज काढतो, हवाईसुंदरीचा आवाज काढतो, माझी बायको मंजिरी कपाळाला हात लावते आणि माणसं खुर्च्यांवरून घसरेपर्यंत हसतात. मला हे फार आवडतं. पन्नाशी उलटली तरी आवडतं.

पण एक किस्सा मी आजवर एकाही माणसाला सांगितलेला नाही. मंजिरीला नाही. मुलीला नाही. दोन पेग झाल्यावरही नाही. आणि गंमत बघा — माझ्याकडचा सगळ्यात भारी किस्सा तोच आहे! त्यात डुकराची अख्खी तंगडी आहे, अंघोळीची बादली आहे, मोदकांचं पातेलं आहे. त्याचा पहिला अर्धा भाग मी उभं राहून सांगितला, तर तुम्ही डोळे पुसाल. अडचण उरलेल्या अर्ध्याची आहे.

तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

आधी आमच्या घरचा कायदा सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचं घर मिरजेचं, शाकाहारी. पण माझे वडील स्टेशनच्या कॅन्टीनमध्ये आम्लेट खात. हे आईला माहीत होतं, आईला माहीत आहे हे वडिलांना माहीत होतं, आणि चाळीस वर्षांत त्यावर एक शब्द झाला नाही. बाहेर काय खायचं ते खा, उंबऱ्याच्या आत आणू नका — असा तो न लिहिलेला कायदा. तो आमच्याबरोबर सिंगापूरला आला. मी दुपारी खाऊगाड्यांच्या हॉकर सेंटरमध्ये चिकन राइस हाणायचो आणि संध्याकाळी पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये वरणभात, वर लिंबू. मंजिरीला हे चालायचं. वडील गेल्यावर आई आमच्याकडे आली, तेव्हा तिलाही चाललं. मी ऑफिसातून आलो की ती माझ्या शर्टाचा वास घ्यायची आणि फक्त म्हणायची, "हातपाय धू, शिरू."

आई आली तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. मिरजेला दादा-वहिनी होते, पण ती दोघं दिवसभर नोकरीवर आणि आई मागच्या खोलीत टीव्हीसमोर. म्हणून आणली. इथे तरी वेगळं काय होतं? मी आणि मंजिरी सकाळी आठला बाहेर, सई शाळेत. बाराव्या मजल्यावर आई, आणि खाली कुणाचीही भाषा न कळणारं गाव. पहिले दोन महिने ती रोज विचारायची, "परतीचं तिकीट कधीचं आहे रे?"

मग लिमबाई आल्या. आल्या म्हणजे त्या होत्याच — आमच्या शेजारच्या दारात, वीस वर्षांपासून. पंच्याहत्तरीच्या, एकट्या, बुटक्या, फुलाफुलांच्या ब्लाउजातल्या. आमच्या बिल्डिंगीत लोक दिवसा लाकडी दार उघडं ठेवतात आणि लोखंडी गेट तेवढं लावतात, म्हणजे वारा येतो. त्या गेटमधून आईनं एक दिवस पाहिलं, की शेजारची बाई कॉरिडॉरमध्ये स्टुलावर बसून लांब शेंगा मोडतेय, आणि बोटबोटभर लांबीचे तुकडे करतेय. आईला ते बघवेना. ती गेट उघडून बाहेर गेली आणि मराठीत म्हणाली, "अहो, एवढाले तुकडे? शिजणार कधी आणि खाणार कधी?" लिमबाईंनी चिनी भाषेत काहीतरी उत्तर दिलं आणि दुसरं स्टूल पुढे सरकवलं.

बस. त्या दिवसापासून रोज दहा ते बारा. आई मराठीत, लिमबाई त्यांच्या हॉकियन या चिनी बोलीत. कोण काय म्हणतंय ते दोघींनाही कळत नव्हतं आणि गप्पा कधी अडल्या नाहीत. "लिमबाई" हे नाव आईनंच ठेवलं. त्या आईला "आज्जी" म्हणत, सईचं ऐकून. नमस्कार करायला शिकल्या. भांडं रिकामं परत द्यायचं नाही हेही शिकल्या — किंवा त्यांच्यातही तसंच असेल, कोण जाणे. आई मेथीचे ठेपले पाठवायची, त्या डब्यात पपईच्या फोडी यायच्या. काही खास बोलायचं असलं तर शनिवारी मला बोलवत. लिमबाईंचं मोडकंतोडकं इंग्रजी मी मराठीत करायचो, आईचं मराठी इंग्रजीत. मधला दुभाषी मी. हे लक्षात ठेवा.

लिमबाईंच्या घरात रोज डुक्कर शिजायचं. आईला ते पहिल्या आठवड्यात कळलं होतं. मंजिरीनं घाबरत विचारलं, तर आई म्हणाली, "तिच्या घरात ती खाते. मी कशाला नाक मुरडू?" आणि लिमबाईंनी काय केलं माहीत आहे? कुणी सांगितलं नव्हतं, कुणी सुचवलंही नव्हतं — त्यांनी हिरव्या मुठीची एक नवी सुरी आणि एक नवा पाट आणला, आणि दोन्ही दाराबाहेर चपलांच्या कपाटावर झाकून ठेवले. आईची फळं त्यावरच कापायची. घरात न्यायची नाही ती सुरी. आईला दिसावं म्हणून बाहेर ठेवली होती.

सहा महिन्यांनी आईनं दादाला फोन केला आणि म्हणाली, "मी इथेच राहीन म्हणते." मी स्वयंपाकघरातून ऐकलं. मला किती बरं वाटलं असेल?

आता हॅम.

आमच्या ऑफिसात, चांगी बिझनेस पार्कमध्ये, वॉल्टर नावाचा अमेरिकन बॉस होता. डोंगराळ मुलखातल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्याकडे थंडीत डुकराची मागची अख्खी तंगडी मिठात पुरतात, मग लाकडाच्या धुरावर टांगतात, आणि मग वर्षभर तशीच लटकत ठेवतात. तसा एक हॅम त्यानं परदेशी मालाच्या दुकानातून नाताळासाठी मागवला, आणि त्याच आठवड्यात त्याची बदली झाली. हॅम कुणाला द्यायचा? मी जेवणाच्या सुट्टीत अनेकदा छाती काढून सांगितलं होतं, की मी जगात काहीही खातो आणि काहीही शिजवतो. यातलं दुसरं साफ खोटं होतं. मला चहा येतो. वॉल्टरनं कापडी पिशवीतला तो हॅम माझ्या टेबलावर आडवा ठेवला आणि कसा शिजवायचा ते हातानं लिहिलेला कागद दिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. नाही कसं म्हणणार?

आणि खरं सांगू? मला नाही म्हणायचंच नव्हतं. घरी न्यायचा नाही हे मला कळत होतं. कुणाला तरी देऊन टाकता आला असता. पण पुढच्या बुधवारी मंजिरी, सई आणि आई चार दिवस क्वालालंपूरला मंजिरीच्या बहिणीकडे जाणार होत्या, आणि कागदावर लिहिलेलं काम बरोबर तीन दिवसांचं होतं! एवढा योग जुळतो कधी? तोवर हॅम ऑफिसातल्या सर्व्हर रूमच्या थंडीत टांगला. बुधवारी संध्याकाळी तो मांडीवर घेऊन एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, घरी आलो. शेजारच्या सीटवरच्या बाईनं पिशवीकडे बघून विचारलं, "गिटार आह?" मी म्हणालो, "येस."

पिशवीतून काढला तर वर हिरवी-पांढरी बुरशी! कागदावर लिहिलं होतं, घाबरू नकोस, ती म्हातारपणाची खूण आहे, घासून काढ. मी मोरीत बसून भांड्यांच्या घासणीनं तासभर त्या तंगडीला अंघोळ घातली. मग मीठ उतरायला दीड दिवस अंघोळीच्या बादलीत भिजत. पाणी तीनदा बदलायचं. गुरुवारी सकाळी मी दात घासत होतो आणि ती बादलीतून पाय वर काढून माझ्याकडे बघत होती. मी तिला गुड मॉर्निंग म्हणालो. सुट्टी काढली होती मी, दोन दिवसांची. एका तंगडीसाठी.

शुक्रवारी सकाळी प्रश्न आला पातेल्याचा. घरातल्या एकाही भांड्यात हॅम मावेना. एक सोडून. आईनं मिरजेहून आणलेलं मोठं पातेलं. गणपतीला त्यात पाणी उकळायला ठेवून वर चाळणीत एकवीस-एकवीस मोदक उकडायचे, यासाठीच ते होतं. विमानात वजन होतं म्हणून तिनं स्वतःच्या साड्या काढून ठेवल्या आणि ते आणलं.

मी थोडा वेळ त्याच्याकडे बघत उभा राहिलो. थोडाच.

मग त्यात हॅम ठेवला. नडगीचं हाड बाहेर राहिलं. त्यावर झाकण तिरकं, टोपीसारखं. मंद आचेवर चार तास, उकळी फुटू द्यायची नाही. वास आला — धुराचा, मिठाचा, किंचित गोड. सगळ्या खिडक्या उघडल्या, लाकडी दारही उघडलं. कॉरिडॉरमध्ये कुणाला वास आला तर लिमबाईंच्या घरातला वाटेल, असं माझ्या मनात आलं होतं. हो — हे तेव्हाच आलं होतं. म्हणजे नंतर जे केलं ते एकदम सुचलं, असंही मला म्हणता येत नाही.

दुपारी हॅम बाहेर काढून जाड कातडी सोडवली, पातळ चकत्या काढल्या आणि उरलेला परत पातेल्यात ठेवला. गुलाबी, काठाला चरबीची पांढरी रेघ. मंजिरीनं करून ठेवलेली पोळी गरम केली, तूप लावलं, त्यात एक चकती गुंडाळली आणि ओट्याशी उभ्यानं खाल्ली. मला ती अतिशय आवडली. दुसरी खाल्ली. तिसरी खात होतो.

"शिरू, गेट उघड. मला घाई आहे."

आई. एक दिवस आधी. तिचं पोट बिघडलं म्हणून त्या लवकर निघाल्या होत्या, मंजिरीनं मेसेज केला होता आणि माझा फोन बेडरूममध्ये होता. मंजिरी आणि सई खाली दुकानात दूध घेत होत्या. आई एकटीच लिफ्टनं वर आलेली, गेटचे गज धरून उभी. मी अर्ध्या चड्डीत, मंजिरीचा एप्रन घालून, हातात सुरी.

बघा, इथपर्यंत मी तुम्हाला रंगवून सांगत आलो. इथपर्यंत येतंच तसं. इथून पुढे मला नीट सांगता येत नाही.

मी गेट उघडलं. ती आधी बाथरूममध्ये गेली. तेवढी तीन-चार मिनिटं मला मिळाली होती. मी काय केलं? काही नाही. पातेल्यासमोर उभा राहिलो. ती बाहेर आली, ओट्याकडे आली, पातेल्यातून बाहेर आलेलं हाड तिनं पाहिलं, आणि पातेलं ओळखलं.

"हे काय आहे?"

मी साठ माणसांचा मॅनेजर होतो. माझं वय एकोणपन्नास होतं. आणि मला आईच्या चेहऱ्याची एवढी भीती वाटली, की मी म्हणालो, "लिमबाईंचं आहे."

आणि मग काय विचारता! गोष्टी सांगायची सवय मला. तपशील आपोआप आले. लिमबाईंचा गॅस संपला. मुलगा-सून नातवाला घेऊन जेवायला येणार. त्यांच्याकडे एवढं मोठं भांडंही नाही. त्यांनीच गेटमधून हे पातेलं दाखवून मागितलं. मी नको-नको म्हणत होतो. कापून द्या म्हणाल्या, त्यांची बोटं दुखतात. माझ्या ओठांना तूप आणि चरबी लागलेली होती, आणि मी सांगत होतो.

आई खुर्चीवर बसली. मला वाटलं होतं ती विटाळाचं काही म्हणेल. ती म्हणाली, "हे पातेलं कशाचं आहे ते तिला माहीत होतं. मी तिला मोदक दिले होते यातले. दाखवलं होतं, हात धरून."

मी सुरी ओट्यावर ठेवली.

"तिचं तिला देऊन ये. पातेल्यासकट. आत्ता."

आता माझी अवस्था लक्षात घ्या. हॅम घेऊन लिमबाईंकडे जायचं, आणि आई आमच्या दारात उभी राहून बघणार. पातेलं दोन्ही हातांत धरून मी सात पावलं चाललो. एवढंच अंतर आहे आमच्या दोन दारांत. लिमबाईंनी दार उघडलं. मी खालच्या आवाजात म्हणालो, "आंटी, फॉर यू."

"फॉर मी?" त्यांनी झाकण उचललं. "वा! सो बिग आह! व्हाय यू सो गुड?" त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. मग त्यांना माझ्या मागे आई दिसली. त्यांनी दोन्ही हात कपाळापर्यंत नेऊन, आईनं शिकवलेला नमस्कार केला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "थँक्यू, आज्जी! थँक्यू, थँक्यू!"

"काय म्हणतेय?" आईनं विचारलं.

"थँक्यू म्हणतायत. आपला गॅस वापरू दिला म्हणून."

"हसतेय बघ वर," आई म्हणाली. आणि तिनं आमचं लाकडी दार लावून घेतलं. मी कॉरिडॉरमध्ये, एप्रनमध्ये, दोन दारांच्या मध्ये.

"युवर मम्मी टायर्ड, इज इट?" लिमबाई म्हणाल्या.

"येस, आंटी. लाँग जर्नी."

त्या क्षणी दार वाजवून आत जाता आलं असतं. "आई, माझं होतं ते" — चार शब्द. ती तीन दिवस बोलली नसती, चौथ्या दिवशी म्हणाली असती, हातपाय धू. मुलाला आई एवढं माफ करतेच, हे मला तेव्हाही माहीत होतं. मग का नाही गेलो? मी पुष्कळ शोधलं आहे. मोठं कारण सापडत नाही. लाज वाटली, एवढंच सापडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिमबाईंनी पातेलं परत आणलं. आरशासारखं घासलेलं, आणि आत सहा आंबे. गेटपाशी उभ्या राहून "आज्जी, आज्जी" करत होत्या. आई आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. आंबे सईनं खाल्ले. पातेलं आईनं मला खाली टाकायला लावलं, जिथे लोक जुनं सामान ठेवतात तिथे, लिफ्टजवळ. दुपारी लिमबाई ते पुन्हा वर घेऊन आल्या, धापा टाकत. कुणीतरी तुमचं पातेलं चोरून खाली नेलं होतं, असं त्यांना वाटलं होतं! आईनं आतून पाहिलं. "डिवचतेय मला," ती म्हणाली. "आणि ती वेगळी सुरी ठेवायचं नाटक कशाला केलं मग?"

यावर मी काय म्हणालो? मी म्हणालो, "जाऊ दे ना आई, त्यांच्यात असंच असतं."

तेव्हापासून आमचं लाकडी दार बंद. दिवसभर. सई शाळेतून आली की वैतागायची — "आज्जी, व्हाय यू नेव्हर ओपन द डोअर? सो स्टफी, लाह!" आज्जी पंख्याखाली बसून राहायची. आठ ते सात. बाहेर दहा वाजता स्टूल सरकल्याचा आवाज यायचा. एकच स्टूल नव्हतं ते. लिमबाई दोन्ही मांडायच्या. कित्येक आठवडे मांडायच्या. मग एक मांडायला लागल्या.

आणि मी काय करत होतो? मी पहारा देत होतो. मंजिरी म्हणाली, "मी विचारू का लिमबाईंना, नक्की काय झालं ते?" मी म्हणालो, नको, म्हाताऱ्या माणसाला अपमान वाटेल. सई दोघींच्या भाषांमध्ये माझ्यापेक्षा चांगली दुभाषी झाली असती. तिला मी बजावलं, की हा धर्माचा विषय आहे, आज्जीसमोर आणि आंटीसमोर काढायचा नाही. लिफ्टमध्ये लिमबाई भेटायच्या. बारा मजले. "युवर मम्मी अँग्री विथ मी?" मी म्हणायचो, "नो, नो, आंटी. नी पेन." त्यांनी आईच्या गुडघ्यांसाठी मलम दिलं. ते मी ऑफिसच्या खणात ठेवलं. रोज सकाळी दार उघडायच्या आधी मी गेटमधून डावीकडे बघायचो, त्या बाहेर आहेत का. नसल्या तर पटकन लिफ्ट. स्वतःच्या घरातून चोरासारखा निघायचो, आणि तसाच परत यायचो.

पाच महिन्यांनी आई म्हणाली, "मला मिरजेला पोचव."

मंजिरी रडली. मी म्हणालो, "राहा ना." जोर लावून नाही म्हणालो.

आता जे सांगायचं आहे ते हे. हॅमचं नव्हतंच सांगायचं. ते पहिल्या फटक्यातलं खोटं होतं, भीतीपोटी निघालेलं. तेवढंच असतं तर मी ते कधीतरी जेवणाच्या टेबलावर हसत हसत सांगून मोकळा झालो असतो.

आई निघाली तो दिवस. सकाळचं विमान होतं. आई, मंजिरी आणि सई टॅक्सीत बसायला खाली गेल्या होत्या. मी शेवटची बॅग घेऊन गेट लावत होतो. लिमबाई बाहेर आल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण बॅगा दिसल्या असणार. त्यांनी माझा दंड धरला. त्यांची बोटं खरंच दुखायची, वाकडी झाली होती.

"शी गो होम?"

"येस, आंटी."

"यू टेल हर, आय सॉरी." त्यांना शब्द सापडत नव्हते. "आय डोंट नो व्हॉट आय डू. बट आय सॉरी, लाह. यू टेल हर. मस्ट टेल."

"ओके, आंटी," मी म्हणालो.

टॅक्सी हायवेला लागली. दोन्ही बाजूंना ती मोठी, छत्रीसारखी झाडं. आई खिडकीतून बघत होती. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं — तिनं स्वतःहून विचारलं — "वर कुणाशी बोलत होतास? काय म्हणत होती?"

माझ्या तोंडात ते दोन शब्द तयार होते. नुसतं भाषांतर करायचं होतं. खरं सांगायचीही गरज नव्हती! "सॉरी म्हणत होत्या" — एवढं म्हणालो असतो तरी आईनं टॅक्सी वळवायला लावली असती, याची मला खात्री आहे. ती माझी आई आहे. ती वर गेली असती, त्या वाकड्या बोटांचा हात हातात घेतला असता. आणि माझं खोटंही झाकलेलं राहिलं असतं.

पण मी पुढचा हिशेब केला. पुन्हा दोन स्टुलं. पुन्हा दहा ते बारा. एक दिवस कुणीतरी हॅमचा विषय काढणार, सई मध्ये बसून नीट भाषांतर करणार. किती दिवस टिकलं असतं? विमानतळ वीस मिनिटांवर होता. ती एकदा विमानात बसली, की मी सुटणार होतो.

"काही नाही," मी म्हणालो. "पाऊस येईल म्हणत होत्या."

आई मिरजेच्या मागच्या खोलीत चार वर्षं राहिली. मी दर रविवारी फोन करायचो. दिसायला कमी झालं तशी ती टीव्हीही लावेनाशी झाली. वहिनी म्हणायच्या, आई हल्ली कुणाशी फारसं बोलत नाहीत. ती गेली त्याच्या आदल्या दिवाळीतला फोन. फराळाचं झालं, सईच्या परीक्षेचं झालं. मग ती थांबली आणि म्हणाली, "लिमबाई कशी आहे रे?"

"बरी आहे."

"एकटीच असते अजून?"

"हो."

तिच्या मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"मी काही मोठं मागत नव्हते," ती म्हणाली. "तिनं एकदा सॉरी म्हटलं असतं ना शिरू, तर मी राहिले असते तुझ्याकडे."

"हो ना," मी म्हणालो.